वॉशिंग मशीन खालून गळतंय? सील आणि गॅस्केट बदलायची रीत

मशीनखाली पाण्याचं थारोळं दिसलं की बहुतेक घरांत आधी फडकं टाकलं जातं आणि दुरुस्ती पुढच्या आठवड्यावर जाते. फुल ऑटोमॅटिकमध्ये हे काही दिवस चालूनही जातं. सेमी ऑटोमॅटिकमध्ये नाही, कारण तिथे गळणाऱ्या सीलच्या बरोबर खाली स्पिनची मोटर असते. सील साधारण शे-दीडशे रुपयांचं, पण भिजून जळालेली मोटर त्याच्या कितीतरी पट पैसे खाते. याच्या उलट, गळती कुठून आहे हे न बघताच घाईने सील बदललं तर दिवस वाया जातो आणि पाणी पुन्हा तिथेच पडतं.

म्हणून आधी पाणी कधी आणि कुठून पडतं ते शोधायचं. मग जुनं सील का गेलं ते बघायचं. पाना हातात घ्यायचा तो त्यानंतर. यातली दुसरी पायरी हटकून राहून जाते. शाफ्टवर, म्हणजे टब फिरवणाऱ्या दांड्यावर, खाच पडलेली असेल तर त्यावर कितीही चांगलं सील बसवा, दोन-चार महिन्यांत ते गळणारच.

आपल्याकडे सील लवकर का जातात

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत बोअरच्या पाण्यावर कपडे धुणारी घरं पुष्कळ. बोअरचं पाणी जड असलं की बादलीच्या कडेला जो पांढरा थर धरतो, तोच शाफ्टवर आणि सीलच्या ओठावर धरतो. ओठ म्हणजे सीलच्या आतली पातळ कडा, जी फिरत्या शाफ्टला चिकटून पाणी अडवते. क्षाराचा खरखरीत थर फिरता फिरता हीच कडा खरवडतो.

दुसरं कारण काळी माती. शेतातून आलेले कपडे तसेच मशीनमध्ये गेले की माती तळाशी बसते आणि बारीक कण सीलमध्ये शिरतात. केळीच्या पट्ट्यात, म्हणजे रावेर, यावल, चोपड्याकडे, आणखी एक भानगड असते. चिकाचे डाग निघत नाहीत म्हणून पावडर वाढवली जाते. डाग तरीही तसेच राहतात, वर फेस उतू जातो आणि मशीन गळतंय असं वाटतं.

तिसरं ऊन. मशीन गच्चीवर किंवा मागच्या पडवीत पत्र्याखाली असेल तर मे महिन्यात पारा ४४-४५ च्या पुढे जातो तेव्हा पत्र्याखालचं रबर त्याहून जास्त तापतं. तापून तापून ते कडक होतं, घड्यांमध्ये चिरा जातात. अशा जागी मशीन असेल तर सील बदलताना मशीनची जागाही बदला, किंवा निदान उन्हाच्या बाजूने आडोसा करा.

हात घालण्याआधी

बटण बंद करून भागत नाही, प्लग सॉकेटमधून बाहेर काढा आणि वायर मशीनवर ठेवा म्हणजे कुणी चुकून लावणार नाही. लोडशेडिंगमध्ये ‘लाईट नाहीच आहे’ म्हणून प्लग तसाच ठेवून काम करणं सगळ्यात धोक्याचं. लाईट कधी येईल ते सांगून येत नाही.

मोटरला जोडलेला कॅपॅसिटर प्लग काढल्यावरही काही वेळ वीज धरून ठेवू शकतो. होल्डरमध्ये १०० वॅटचा पिवळा बल्ब लावून त्याच्या दोन वायरी कॅपॅसिटरच्या दोन टोकांना काही सेकंद टेकवल्या की तो रिकामा होतो. वायरींच्या उघड्या टोकांना बोट लावू नका. पेचकस आडवा लावून ठिणगी पाडायची सवय काही जणांना असते, तिच्यात पेचकसही जातो आणि कॅपॅसिटरही.

अर्थिंग तपासून घ्या. ओल्या फरशीवर पत्र्याच्या बॉडीला हात लावून झिणझिण्या येत असतील तर गळतीची दुरुस्ती नंतर, आधी वायरमनला बोलवा. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा जातो आणि हिवाळ्यात चांगलं असलेलं अर्थिंग निकामी होतं. खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायला हवं. घरात ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच लाईन तोडणारा स्विच, असेल तर उत्तम.

सामान फार लागत नाही. फुलीचा आणि चपटा पेचकस, ८ आणि १० नंबरचे पाने (टी-पाना असला तर हात नीट पोचतो), पक्कड, जुना टूथब्रश, ४०० आणि ६०० नंबरचा पॉलिश पेपर, सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब, कोरडी फडकी, एक उथळ परात आणि मोबाईल. प्रत्येक भाग काढण्याआधी त्याचा फोटो घ्या. सील उलटं बसवण्याची चूक या एका सवयीने टळते.

ग्रीसबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. घरात असलेलं मोबिल ऑइल, शिलाई मशीनचं तेल किंवा खोबरेल रबराला लावू नका. दाराच्या गॅस्केटचं, म्हणजे दाराभोवतीच्या कड्याचं, रबर खनिज तेलाने फुगतं आणि मऊ पडतं. सिलिकॉन ग्रीस सिलिकॉनचं रबर सोडून बहुतेक रबरांना चालतं आणि पाण्याने सहज धुपत नाही.

पाणी कधी पडतं?

मशीन भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे ओढा, खालची फरशी खडखडीत पुसा आणि खाली वर्तमानपत्राचे कागद पसरा. एकावर एक चळत नको, एकेरी कागद. पहिला ओला डाग नेमका कुठे पडतो ते त्यावर स्पष्ट दिसतं. अर्ध्या तासाने बघायला गेलात तर सगळाच कागद भिजलेला असेल, म्हणून तिथेच थांबा.

पाणी भरतानाच मागच्या बाजूला वर ओल दिसली तर इनलेट पाइपचं वायसर गेलेलं असतं. काम दहा मिनिटांचं. पाइपाच्या चुडीत बसणारं पाऊण इंची रबरी वायसर बदला, चुडी हाताने घट्ट करा आणि वर पक्कडीने फार तर पाव फेरा द्या. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून उपयोग नाही, कारण तिथे पाणी आटे अडवत नाहीत, वायसर अडवतं.

पाणी भरून मशीन बंद ठेवल्यावर वॉश टबच्या मध्याखाली थेंब पडत असतील तर गिअर बॉक्सचं सील. फरशी कोरडी, पण टबमधली पातळी उतरत जाते आणि ड्रेन पाइपातून धार चालू आहे, तर ड्रेन व्हॉल्व नीट बसत नाही. याला लोक गळतीच म्हणतात, पण सगळी सीलं ठणठणीत असतात. स्पिन चालवल्यावर किंवा पाणी सोडताना उजव्या अंगाला खाली पाणी आलं (बहुतेक मशीनमध्ये स्पिन उजवीकडे असतो) तर स्पिन सील.

हा निष्कर्ष काढण्याआधी ड्रेन पाइप कसा टाकलाय ते एकदा बघाच. सेमी ऑटोमॅटिकमध्ये पाणी बाहेर फेकायला सहसा पंप नसतो, पाणी उताराने जातं. वॉश आणि स्पिन दोन्हींचं पाणी खाली एकाच पाइपात येतं आणि स्पिनच्या बाजूला मध्ये व्हॉल्व नसतो. पाइप मोरीच्या कट्ट्यावरून वर नेऊन पलीकडे सोडलेला असेल किंवा आत दोऱ्या-केसांचा गोळा अडकला असेल, तर वॉशचं पाणी सोडल्याबरोबर ते उलटं स्पिनच्या तळाशी चढतं आणि सीलवर उभं राहतं. तिथे पाणी वाहून जाणं अपेक्षित असतं, तुंबणं नाही. पाइप सरळ करून, साफ करून पुन्हा बघा. कित्येकदा गळती इथेच थांबते आणि शे-दीडशे रुपये वाचतात.

फेसाची परीक्षाही याच वेळी घ्या. पावडर न टाकता नुसत्या पाण्यावर मशीन चालवा. आता गळत नसेल तर दोष पावडरच्या मापात आहे.

स्पिन सील

आपल्याकडे सगळ्यात जास्त बदलावं लागतं ते हेच, म्हणून याला वेळ देऊ.

आधी रचना समजून घ्या. आतला भोकांचा टब एका धातूच्या शाफ्टवर उभा असतो. हा शाफ्ट बाहेरच्या प्लास्टिक टबच्या तळातल्या भोकातून खाली जातो आणि मोटरवरच्या कपलिंगमध्ये, म्हणजे ब्रेक ड्रमच्या मधल्या नळीत, बोल्टने पकडलेला असतो. मोटर तीन स्प्रिंगांवर डोलते, त्यामुळे शाफ्टही डोलतो. म्हणून तळातलं सील साधी चकती नसतं, घड्यांचं रबर असतं. कारागीर त्याला बेलो म्हणतात. मध्ये धातूचा बुश आणि ओठ, भोवती लवचिक घड्या. घड्या चिरल्या तर पाणी बाहेरून येतं, ओठ झिजला तर शाफ्टलगत. जुनं सील हातात आल्यावर यातलं काय झालंय ते ओळखता येतं, आणि पुढचं काम त्यावरच ठरतं.

१. पाणी पूर्ण सोडा आणि मशीनची पाठ आपल्याकडे करा. मागचं पॅनल सहसा सहा ते आठ स्क्रूंवर असतं. स्क्रू परातीत ठेवा.

२. खाली स्पिनची मोटर आणि तिच्यावर ब्रेक ड्रम दिसेल. त्याच्या नळीला एक किंवा दोन बोल्ट असतात, त्यांवर लॉक नट. ड्रम हाताने फिरवून बोल्ट समोर आणा. फिरत नसेल तर जोर करू नका. स्पिनचं झाकण उघडं असलं की ब्रेक लागलेला असतो, झाकण लावलं की तो सुटतो.

३. आधी लॉक नट सैल करा, मग बोल्ट तीन-चार आटे मागे घ्या. काही मशीनमध्ये बोल्ट शाफ्टच्या आरपार असतो, तिथे तो पूर्णच काढावा लागतो. बोल्टचं टोक शाफ्टवरच्या चपट्या भागावर किंवा खळग्यात बसतं. हा भाग कुठल्या बाजूला आहे त्याची मार्करने खूण करा.

४. वरून टब दोन्ही हातांनी सरळ उचला. नवीन मशीनमध्ये तो अलगद निघतो. चार-पाच वर्षं गंज धरला असेल तर नाही. कपलिंगच्या तोंडाशी डब्ल्यूडी-४० (गंज सोडवणारा स्प्रे) मारून अर्धा तास थांबा, टब डावी-उजवीकडे थोडा थोडा फिरवत वर ओढा. तरीही नाही निघाला तर पुन्हा स्प्रे मारून थांबा आणि तसाच फिरवत ओढा. टबच्या काठाखाली पेचकस घालून उचकटायला गेलात तर प्लास्टिक तडकतं आणि मग सीलऐवजी टब घ्यावा लागतो.

५. आता तळाशी सील दिसेल. कुठे ते नुसतं रबराच्या पकडीवर बसलेलं असतं, कुठे वरून प्लास्टिकची रिंग किंवा तीन-चार स्क्रू असतात. फोटो घ्या आणि काढा.

६. सीलची बसायची जागा टूथब्रशने साफ करा. इथे चिखल आणि पावडरीचा घट्ट लगदा साचलेला असतो. तो सगळा निघाला पाहिजे. जागा फडक्याने पूर्ण कोरडी करा.

आता शाफ्ट. सील जिथे बसतं त्या पट्ट्यावरून नख वरून खाली फिरवा. नख कुठेही अडकलं नाही तर शाफ्ट चांगला. पांढरा थर असेल तर लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं पंधरा मिनिटं गुंडाळून ठेवा, थर सुटतो. वरवरचा गंज ४०० नंबरच्या पेपरने काढून ६०० नंबरने गुळगुळीत करा. पेपर शाफ्टभोवती गोल फिरवायचा, उभा घासायचा नाही. उभ्या ओरखड्यांमधून पाणी थेट खाली उतरतं.

नख खाचेत अडकत असेल तर इथेच थांबा. पेपरने घासून खाच जात नाही, उलट शाफ्टची जाडी कमी होऊन ओठ सैल बसतो. अशा वेळी शाफ्टसह टब बदलणं हाच उपाय. नवीन टब महाग वाटला तर जुन्या मशीनचा चांगला टब दुरुस्तीवाल्याकडे मिळू शकतो. एम-सील, फेविक्विक, सायकलच्या ट्यूबची पट्टी असले प्रयोग फिरत्या शाफ्टवर टिकत नाहीत. एम-सील स्थिर जोडाचं काम करतं, फिरत्याचं नाही.

दुकानात काय मागायचं

‘अमुक कंपनीचं स्पिन सील’ एवढं सांगून भागत नाही. एकाच कंपनीच्या साडेसहा किलोच्या आणि आठ किलोच्या मशीनची सीलं वेगळी असू शकतात. जुनं सील धुऊन सोबत न्या आणि मागच्या स्टिकरवरच्या मॉडेल नंबरचा फोटो घेऊन जा. काउंटरवरच दोन्ही सीलं एकमेकांवर ठेवून तीन गोष्टी जुळवा: बाहेरचा व्यास, मधलं भोक आणि उंची. भोक जुन्या सीलमध्ये झिजून मोठं झालेलं असतं, त्यामुळे नवं किंचित घट्ट दिसलं तर ते बरोबरच आहे.

ऑइल सील प्रकारच्या सीलवर तीन आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ २५-४७-१०. पहिला आतला व्यास, दुसरा बाहेरचा, तिसरा जाडी, सगळे मिलिमीटरमध्ये. आकडे वाचता येत असतील तर घरगुती उपकरणांच्या दुकानात नाही मिळालं तरी बेअरिंगच्या किंवा ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात तेच सील मिळू शकतं. तालुक्याच्या गावी हा मार्ग पुष्कळदा उपयोगी पडतो. नंदुरबार-नवापूरकडे सुरतेला जाणारं कुणी असेल तर त्याच्याकडे फोटो आणि आकडे पाठवून ठेवा.

रबर बोटांनी दाबून बघा. वर्षानुवर्षं दुकानाच्या माळ्यावर तापलेलं सील नवीन असूनही कडक असतं. घडी उलगडून आत बारीक चिरा दिसल्या तर घेऊ नका.

बसवणं

जुन्या सीलच्या फोटोशी वर-खाली दिशा ताडून घ्या. ऑइल सीलचा सर्वसाधारण नियम असा की आतली बारीक गोल स्प्रिंग जिकडे दिसते ती बाजू पाण्याकडे, म्हणजे इथे वरच्या अंगाला. ओठांच्या मधल्या खोबणीत हरभऱ्याएवढं सिलिकॉन ग्रीस भरा. जास्त भरून फायदा नाही, जादा ग्रीस माती धरतं.

सीलच्या बाहेरच्या कडेला साबणाचं पाणी लावा आणि दोन्ही अंगठ्यांनी समोरासमोर दाबत बसवा. एका बाजूने पूर्ण दाबून मग दुसरी दाबली तर सील तिरकं बसतं. कडा सगळीकडे सारखी खाली गेली आहे का ते बोट फिरवून बघा. रिंग किंवा स्क्रू असतील तर स्क्रूही एकाआड एक, थोडे थोडे आवळा.

शाफ्टच्या टोकाला गंजाची धार किंवा बोल्टच्या दाबाने वर आलेली कोर असते. ती पेपरने आधी मारा, नाहीतर टब खाली सोडताना नव्या सीलचा ओठ पहिल्याच झटक्यात कापला जातो. टोकावर पातळ प्लास्टिकची पिशवी एक पदर गुंडाळून सीलमधून पार केलं तर आणखी चांगलं, पलीकडे टोक निघालं की पिशवी खालून ओढून घ्यायची. टब सरळ धरून किंचित फिरवत खाली सोडा. खूण केलेली बाजू बोल्टसमोर आणा, शाफ्ट कपलिंगमध्ये पूर्ण खाली बसला का ते बघा. बोल्ट नेमका खळग्यात आवळा, मग लॉक नट. बोल्ट खळग्याच्या बाजूला पडला तर टब दोन-चार धुण्यांत सैल होतो आणि स्पिन घेताना मोठा आवाज करतो.

झाकण लावून, म्हणजे ब्रेक सोडवून, खालून ड्रम हाताने फिरवा. टब कुठे घासत नसेल तर पुढे जा. ड्रेन पाइपाचं तोंड मशीनच्या कमरेइतकं वर धरा आणि स्पिनच्या टबात चार-पाच लिटर पाणी ओता. पाइप वर असल्याने पाणी तळाशी उभं राहील. दहा मिनिटं थांबा आणि टॉर्च मारून सीलच्या खालची बाजू बघा. एकही थेंब नको. मग पाइप खाली सोडा, पॅनल लावा, प्लग लावा आणि आधी रिकामा, मग ओल्या कपड्यांवर एक-एक मिनिट स्पिन घ्या.

मोटर आधीच भिजलेली असेल तर लगेच चालवू नका. आतलं पाणी वाळायला किमान एक पूर्ण दिवस द्या आणि वायरमनकडून तिचं इन्सुलेशन तपासून मगच प्लग लावा.

ड्रेन व्हॉल्व आणि गिअर बॉक्स

ड्रेन व्हॉल्वचं रबर बदलण्याआधी ते उघडून साफ करा. व्हॉल्वचं झाकण काढलं की स्प्रिंग आणि त्याखाली टोपीसारखं रबर निघतं. त्याच्या बसायच्या जागी शर्टाचं बटण, पिन, शेंगदाण्याचं टरफल किंवा मातीचा खडा अडकलेला असतो. रबराची कडा मऊ आणि अखंड असेल तर धुऊन परत बसवा. बसवताना नॉबपासून आलेली ड्रेनची पट्टी बघा: नॉब वॉशवर असताना ती किंचित सैल हवी. ताणलेली असेल तर व्हॉल्व कायम अर्धवट उघडा राहतो आणि नवं रबरही तेच दुखणं दाखवतं.

गिअर बॉक्सच्या सीलसाठी पल्सेटर, म्हणजे वॉश टबच्या तळातली फिरती चकती, काढावा लागतो. मधला स्क्रू काढूनही तो वर येत नाही, कारण दाते शाफ्टवर घट्ट बसलेले असतात. दोन्ही बाजूंनी पल्सेटरच्या कडेखाली मजबूत नाडी घाला आणि दोन्ही नाड्या एकदम सरळ वर ओढा. खालचा कचरा काढा, मगच सील तपासा. टबच्या तळाला असलेलं बाहेरचं गॅस्केट बदलणं सोपं आहे. पण पाणी गिअर बॉक्सच्या शाफ्टमधूनच येत असेल, किंवा खाली काळपट तेलाचे डाग असतील, तर आतलं सील शोधत बसू नका. पट्टा उतरवा, पुली काढा, नट काढून पूर्ण गिअर बॉक्सच बदला. जुना उघडून सील बदललेले गिअर बॉक्स फार दिवस चालत नाहीत.

फ्रंट लोडचं दाराचं गॅस्केट

दाराखालून पाणी आलं तर लगेच गॅस्केट विकत घेऊ नका. आधी दाराची काच आतून आणि गॅस्केटची कडा फडक्याने पुसा. पावडरीचा चिकट थर, एखादा केस, मुलाच्या मोज्याची कडा एवढ्यानेही धार लागते. मग घडी उलगडून खालच्या भागात बोट फिरवा. चिरा बहुधा तिथेच असतात, कारण नाणी आणि हेअरपिना खाली साचतात. घडीत खाली पाणी निथळायला बारीक भोकं असतात, ती बुजली तर पाणी साठून दारातून येतं. काडीने मोकळी करा.

चीर असेल तर गॅस्केट बदलायचंच. पंक्चरचं सोल्युशन लावून दोन धुणी निघतील, जास्त नाही.

नवं गॅस्केट हातात आल्याशिवाय जुनं काढू नका. प्लग काढा, नळ बंद करा, खालच्या फिल्टरमधून उरलेलं पाणी परातीत काढा. गॅस्केटच्या बाहेरच्या कडेवर तारेची रिंग असते, तिच्यात एक छोटी स्प्रिंग. स्प्रिंगखाली चपटा पेचकस घालून ताणली की रिंग निघते. कडा पत्र्यावरून आत सोडा, दाराच्या लॉकचे दोन स्क्रू काढून लॉक आत सरकवा. आतली क्लॅम्प ड्रमच्या टबवर असते. काही मॉडेलमध्ये तिथे समोरून हात पोचतो, काहींत वरचं झाकण आणि पुढचं पॅनल काढावं लागतं. इथे घाई केली की लॉकची वायर तुटते.

टबची कडा क्षार आणि बुरशी काढून स्वच्छ, कोरडी करा. नव्या गॅस्केटवर वरच्या बाजूला त्रिकोणी खूण असते, ती टबवरच्या खुणेशी जुळवा. निथळायची भोकं आपोआप तळाशी येतात. खूण दोन बोटं जरी सरकली तरी भोकं बाजूला जातात आणि पाणी साठतं. आतली कडा वरून सुरुवात करून दोन्ही हातांनी खाली आणत बसवा, क्लॅम्प लावा, पूर्ण गोलात बोट फिरवून कुठे घडी उरली नाही ना ते बघा. मग लॉक, मग बाहेरची कडा आणि तारेची रिंग. कपडे न टाकता नुसत्या रिन्सवर चालवून बघा.

पाणी मागच्या बाजूने, गंजाच्या रंगाचं येत असेल आणि स्पिनला पिठाच्या गिरणीसारखी घरघर असेल तर ड्रमचं सील आणि बेअरिंग दोन्ही गेलेली असतात. रिकामा ड्रम आतून धरून वर-खाली हलवा. खडखड लागली की खात्री झाली. हे काम नवशिक्याने घरी करू नये. पूर्ण टब बाहेर काढून फोडावा लागतो, आणि काही मशीनचे टब कारखान्यातच कायमचे जोडलेले असतात. कारागिराला काम देताना एवढंच बघा की तो बेअरिंगसोबत सीलही नवं टाकतोय आणि शाफ्टवरची सीलची जागा तपासतोय.

नव्या सीलची काळजी

शेतातले कपडे आधी बादलीत बुचकळून माती खाली बसू द्या, मग मशीनमध्ये टाका. खिसे उलटे करा. धुणं झालं की दोन्ही झाकणं तासभर उघडी ठेवा. फ्रंट लोडची घडी पुसून कोरडी करा.

जड पाणी असेल तर दोन-तीन महिन्यांतून एकदा क्षार काढा. फ्रंट लोडमध्ये १०० ग्रॅम लिंबूसत्व ड्रममध्ये टाकून ६० अंशांवर रिकामं चक्र चालवा. सेमी ऑटोमॅटिकमध्ये हाताला सोसेल इतक्याच कोमट पाण्यात ते विरघळवून दहा-पंधरा मिनिटं फिरवा आणि साध्या पाण्याने दोनदा धुवा. संडास साफ करायचं ॲसिड कधीही नको, ते शाफ्ट खातं. ब्लीच आणि ॲसिड एकत्र तर मुळीच नाही, विषारी वायू निघतो.

पहिल्या चार-पाच धुण्यांनंतर मागचं पॅनल एकदा पुन्हा उघडा, अर्थात प्लग काढूनच. स्पिनच्या बोल्टचा लॉक नट सैल झालाय का ते पान्याने बघा, सीलखाली बोट फिरवा. बोटाला ओल लागली नाही तर पॅनल लावून टाका. ओल लागली तर टब पुन्हा वर घ्या आणि शाफ्टवर नख फिरवून बघा.